दोन डब्यांमधली वाट: घरात मेश वायफाय बसवताना आणि सांभाळताना

पहिला मेश संच, म्हणजे दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय पसरवणारा संच, मी चुकीचाच बसवला होता. आतल्या खोलीत नेट येत नव्हतं, म्हणून दुसरा डबा नेऊन थेट त्याच खोलीत ठेवला. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या. मी खूश. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला तर तो पूर्वीसारखाच अडकायला लागला. त्या डब्याला स्वतःलाच मुख्य राउटरचा सिग्नल धड मिळत नव्हता, मग तो फोनला देणार काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

फोनवरच्या काड्या फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं नातं दाखवतात. त्या डब्यापासून मुख्य राउटरपर्यंतची वाट कशी आहे, हे त्या सांगत नाहीत. या वाटेला बॅकहॉल म्हणतात. मेशची खरेदी, मांडणी, दुरुस्ती, सगळं शेवटी या वाटेपाशी येऊन थांबतं.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

नवीन काही घेण्याआधी लॅपटॉप लॅन केबलने सध्याच्या राउटरला जोडा आणि वेग मोजा. केबलवरच वेग कमी असेल तर दुखणं बाहेरच्या जोडणीत आहे. त्यावर मेशचा काही उपाय नाही, सेवा देणाऱ्या कंपनीकडेच तक्रार करावी लागेल. केबलवर वेग ठीक असेल तर राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभं राहून वायफायवर मोजा आणि मग खोली खोली फिरा.

फिरताना नुसत्या काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडवर सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दाखवणारी अ‍ॅप्स मोफत मिळतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६०च्या आसपास सगळं सुरळीत चालतं. उणे ६७च्या पुढे कॉल आणि व्हिडिओला धाप लागायला लागते, उणे ८०ला जोडणी नावापुरती उरते. दर तीन डीबी घसरले की सिग्नलची ताकद निम्मी होते, म्हणजे उणे ६० आणि उणे ७० यांत दहापटीचा फरक आहे. घराचा ओबडधोबड नकाशा कागदावर काढून प्रत्येक खोलीत हा आकडा लिहून ठेवा. पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

बऱ्याचदा राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा घराच्या एका टोकाला, जिथे केबल आत आली तिथेच पडलेला असतो. लांब केबल टाकून तो घराच्या मध्यावर, उघड्यावर आणला तर कधी कधी एवढ्यावरच काम भागतं. मेश घेण्याआधी हा प्रयोग करून बघाच.

एकच रेडिओ, दोन कामं

मेशमध्ये एक मुख्य राउटर (मुख्य युनिट) असतो आणि एक किंवा अधिक नोड, म्हणजे बाकीचे डबे. सगळे मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड दाखवतात, सगळ्यांचा कारभार एका अ‍ॅपमधून चालतो. सिग्नल नुसता पुढे ढकलणाऱ्या जुन्या रिपीटरशी तुलना केली तर सोय इथे आहे. पण हवेतून वाहतूक करायचा नियम दोघांना सारखाच लागू आहे. एका चॅनेलवर एक रेडिओ एका वेळी एकतर बोलतो किंवा ऐकतो. नोडने तुमच्या फोनचा डेटा ज्या रेडिओवर घेतला, त्याच रेडिओवरून तो मुख्य राउटरकडे पाठवायचा म्हटलं तर वेळ दोनदा खर्च होतो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. एका नोडच्या मागे दुसरा नोड साखळीत लावला तर आणखी कमी.

यातून सुटायचे दोन मार्ग. एक म्हणजे ट्राय-बँड (तीन रेडिओंचा) संच, ज्यात एक रेडिओ मुख्यतः बॅकहॉलसाठी राखलेला असतो. दुसरा म्हणजे नोडपर्यंत लॅन केबल नेणं. केबल नेता येत असेल तर साधा ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांचा) संचही महागड्या ट्राय-बँड संचाला मागे टाकतो. म्हणून खर्च कुठे करायचा असं कोणी विचारलं की मी आधी केबलचं विचारतो.

खरेदीत चार गोष्टी बघा. लॅन पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) आहेत ना? स्वस्त संचांत वायफायचा आकडा मोठा छापलेला असतो आणि पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचे निघतात. दुसरं, प्रत्येक नोडला पोर्ट आहे का? काहींना एकही नसतो, मग पुढे केबल टाकायचं मनात आलं तरी उपयोग नाही. तिसरं, पिढी. वायफाय ६ बहुतेक घरांना पुरतं. वायफाय ६ई आणि वायफाय ७ च्या बऱ्याच संचांत सहा गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा मिळतो, पण तो प्रत्येक देशात सारखा खुला नाही, आणि तुमची उपकरणंही त्या पिढीची हवीत. शिवाय सहा गिगाहर्ट्झ भिंतींपुढे पाचपेक्षाही लवकर हात टेकतो. चौथं, सगळे डबे एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच मालिकेतले घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे जोडता यावेत म्हणून २०१८ मध्ये ईझीमेश नावाचं प्रमाणपत्र सुरू झालं खरं, पण त्याच्या भरवशावर दोन कंपन्यांची मोट बांधू नका.

डबे किती? खोक्यावर छापलेलं क्षेत्रफळ मोकळ्या जागेचं समजा, विटा आणि काँक्रीटच्या भिंतींचं नव्हे. तरीही बहुतेक घरांना दोन पुरतात. तीनचा संच स्वस्तात मिळतो म्हणून तिसराही लावून टाकण्याचा मोह होतो. गरज नसलेला डबा हवेत गर्दी वाढवतो, बाकी काही नाही.

जुन्या डब्याचं काय करायचं

हा निर्णय जोडणी करण्याआधी घ्या. सेवा देणाऱ्याने बसवलेला डबा बहुधा मोडेम आणि राउटर असा दोन्ही असतो. त्याच्या पुढे मेश जोडला की दोन राउटर एकामागे एक उभे राहतात. घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकच पत्ता वापरू देण्याच्या राउटरच्या कामाला नॅट म्हणतात; ते असं दोनदा होतं, म्हणून याला डबल नॅट म्हणतात. साधं ब्राउझिंग आणि व्हिडिओ यांना काही होत नाही, पण ऑनलाइन गेम, घरातला कॅमेरा बाहेरून बघणं, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या ठरावीक उपकरणापर्यंत वाट उघडणं) यांत अडथळे येतात.

उपाय दोन. जुना डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे राउटरचं काम पूर्णपणे मेशकडे जाईल. हे सेटिंग कधी कधी कंपनीच्या माणसालाच करता येतं. नाहीतर उलट करा, मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा. मग उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणं वगैरे जुना डबा करेल आणि मेश फक्त वायफाय पसरवेल. या दुसऱ्या मार्गात मेशच्या अ‍ॅपमधल्या बऱ्याच सोयी, उदाहरणार्थ मुलांसाठीचे निर्बंध किंवा उपकरणांना प्राधान्य, बंद पडतात. माझी पसंती पहिल्याला. कोणताही मार्ग घ्या, जुन्या डब्याचं वायफाय मात्र आठवणीने बंद करा. दोन्ही चालू राहिले की फोन जुन्यालाच चिकटून बसतो आणि आपण नव्याला दोष देतो.

डबल नॅट आहे का हे तपासायला मेशच्या अ‍ॅपमध्ये वॅन (बाहेरच्या जोडणीचा) किंवा इंटरनेट पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल किंवा त्याचा पहिला आकडा नुसता १० असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांच्यात असेल, तर बहुधा पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे. १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला पत्ता दिसला तर ते कंपनीच्या बाजूचं सामाईक नॅट आहे, घरात कितीही खटपट केली तरी ते जात नाही.

जोडणी

जोडणीला पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) लागत असेल तर युजरनेम आणि पासवर्ड आधीच मागून हाताशी ठेवा. मोडेम बंद झाल्यावर, घरात नेट नसताना, तो शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. फोनचा मोबाइल डेटाही चालू असू द्या.

१. मोडेम बंद करा. मुख्य युनिटच्या वॅन पोर्टला मोडेमची केबल लावा, मोडेम चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग मुख्य युनिट चालू करा.

२. कंपनीचं अ‍ॅप उघडा. ते ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी मागेल. डबा शोधण्यासाठी ती लागते, नंतर काढून घेता येते.

३. नेट आलं की पुढे सरकण्याआधी फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. मुख्य युनिट नव्या आवृत्तीवर आणि नोड जुन्यावर असले की जोडणी कधी कधी अर्ध्यात अडकते, म्हणून नोड जोडल्यावर त्यांचंही अपडेट लगेच बघा.

४. नाव आणि पासवर्ड द्या. जुन्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला तर टीव्ही, प्रिंटर, दिवे, सगळे आपोआप जोडले जातात. पण वर्षानुवर्षं आल्यागेल्याला दिलेला पासवर्ड असेल तर बदलायची हीच संधी.

५. नोड पहिल्यांदा मुख्य युनिटच्याच खोलीत, दोन-तीन मीटरवर ठेवून जोडा. जोडणी पक्की झाली की प्लग काढा, ठरलेल्या जागी नेऊन पुन्हा लावा. जागेवर नेऊन जोडायचा प्रयत्न केला तर अडचण जोडणीत आहे की अंतरात, हेच कळत नाही.

जागा

आता तो कागद काढा. जिथे सिग्नल मरतो ती खोली आणि मुख्य राउटर यांच्या दरम्यान, पाच गिगाहर्ट्झवर उणे ५५ ते उणे ६५ मिळतंय अशी जागा शोधा. नोड तिथे. तिथून त्याला मुख्य युनिटकडून भरपूर मिळतं आणि तो पुढच्या खोलीला देऊ शकतो. अंतर अगदी निम्मं असायला हवं असं नाही. मध्ये जाड भिंत असेल तर जागा भिंतीच्या अलीकडे सरकते, मधे उघडं दार असेल तर पलीकडे. दारातून एकमेकांना दिसतील असे दोन डबे ठेवता आले तर फारच छान.

काही वस्तू सिग्नलच्या वैरी असतात. फ्रिज आणि लोखंडी कपाट लाटा अडवतात. आरशाच्या मागचा धातूचा मुलामा त्या परतवतो. मासे पाळायची काचपेटी किंवा पाण्याची टाकी त्या शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे तो चालू असताना शेजारचा नोड गोंधळतो. डबा जमिनीवर टाकू नका, टेबल ते खांद्याएवढी उंची बरी. दुमजली घरात वरचा नोड खालच्या युनिटच्या साधारण डोक्यावर येईल असा ठेवून बघा. तिरकस वाटेपेक्षा सरळ वाटेत स्लॅबची जाडी कमी आड येते.

फार जवळही नको. दोन डबे शेजारी असले की फोनला दोन्ही सारखेच वाटतात आणि तो उगाच इकडून तिकडे उड्या मारतो.

आता मोजणी. नोडच्या शेजारी बसून, फोन त्याच नोडला जोडला आहे हे अ‍ॅपमध्ये बघून, वेग तपासा. मुख्य युनिटजवळ मिळतो त्याच्या निम्मा किंवा जास्त मिळाला तर वायरलेस बॅकहॉलसाठी ठीक. एक चतुर्थांशच मिळत असेल तर नोड एखादा मीटर मुख्य युनिटकडे सरकवा. एका मीटरने पडणारा फरक बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. मोजताना दारं रोज असतात तशीच ठेवा. रात्री बेडरूमचं दार बंद असतं, आणि तक्रारही रात्रीचीच असते.

केबलची वाट

घरात आधीच भिंतीतून लॅन केबल गेलेली असेल तर नशीबवान आहात. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, त्यामुळे घरासाठी तीही पुष्कळ. नवीन टाकत असाल तर कॅट ६ टाका, भिंत पुन्हा फोडायची वेळ येऊ नये.

क्रम असा: मोडेम, मग मुख्य युनिट, मग स्विच (एका लॅन केबलचे अनेक फाटे करणारा डबा), मग नोड. मोडेम आणि मुख्य युनिट यांच्या मध्ये स्विच घालून त्याला नोड जोडण्याची चूक फार दिसते. तसं केलं की नोड मुख्य युनिटच्या पाठीमागे न राहता त्याच्या बाजूला जाऊन बसतो आणि मेश मोडतो. एकाच नोडपासून स्विचपर्यंत दोन केबलही लावू नका. डेटा गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेट ठप्प होतं.

केबल लावूनही वेग ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकून बसला तर तो आकडा ओळखीचा आहे. जोडणी १०० एमबीपीएसवर चालली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. टोकाला एखादी तार नीट दाबली गेली नसेल तर दिवा लागतो, नेट चालतं, फक्त वेग तिथेच अडतो. टोक बदलून बघा.

सेटिंगमध्ये काय हलवायचं

बरंचसं काही नाही. पण २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच असावं, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. पाच गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ ठीक. १६० ऐकायला छान वाटतं, पण शेजारी गर्दी असेल तर टिकत नाही. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला आधी वाट द्यावी लागते. रडारची चाहूल लागली की राउटर चॅनेल सोडतो आणि नव्या जागी बसण्याआधी निदान एक मिनिट ऐकत थांबू शकतो. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ असेल आणि वायफाय अधूनमधून कारणाशिवाय गायब होत असेल, तर या चॅनेलांवर संशय घ्या.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफाय कुलूपबंद ठेवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती) असा मिश्र पर्याय निवडा. निव्वळ डब्ल्यूपीए३ वर जुने प्रिंटर आणि दिवे जोडणी नाकारतात. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) बंद करा, अपडेट आपोआप होऊ द्या, आणि अ‍ॅपच्या खात्याचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. कॅमेरे, प्लग, दिवे अशी उपकरणंही मी वेगळ्या नेटवर्कवर टाकतो. त्यांचं अपडेट कंपन्या कधी सोडून देतील याचा नेम नाही.

याच उपकरणांची आणखी एक खोड. बरीचशी फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, आणि जोडताना फोन पाच गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांना तो सापडत नाही. अ‍ॅपमध्ये अशा उपकरणांसाठी वेगळं २.४ नेटवर्क असेल तर ते वापरा, नसेल तर जोडणीपुरतं पाच गिगाहर्ट्झ बंद ठेवा.

फोन डबा का बदलत नाही

अभ्यासिकेतून स्वयंपाकघरात आलात, तरी फोन अभ्यासिकेच्याच नोडला धरून बसलेला. लोक मेशला शिव्या देतात, पण डबा कधी बदलायचा हे फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतो. ८०२.११ के, व्ही आणि आर या तीन सोयी ती सूचना आणि बदल सुकर करतात, पैकी आर चालू केल्यावर काही जुनी उपकरणं जोडली जाईनाशी होतात. तसं झालं तर तेवढीच बंद करा. फोन फारच चिकट असेल तर नोड थोडे लांब न्या किंवा अ‍ॅपमध्ये सोय असेल तर त्यांची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल पाठवायची ताकद, कमी करा. शेजारच्या डब्याची हाक हळू झाली की फोन दुसरीकडे बघतो. चाचणी म्हणून व्हिडिओ कॉल चालू ठेवून घरभर फिरा. क्षणभर थबकला तर चालेल, तुटला तर डब्यांच्या जागा पुन्हा बघा.

रोजचा कारभार

पहिल्याच आठवड्यात अ‍ॅपमधल्या उपकरणांच्या यादीत प्रत्येकाला नाव द्या. नाहीतर महिन्याभराने 'अज्ञात उपकरण' अशा बारा ओळी दिसतात आणि त्यात परका कोण हे ओळखता येत नाही. आयफोन आणि अँड्रॉइड आता प्रत्येक वायफायला खोटा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) दाखवतात. मुलाच्या फोनला वेळेचं बंधन घालूनही ते लागू होत नसेल तर त्याच्या फोनमध्ये तुमच्या वायफायपुरता हा खासगी पत्ता बंद करावा लागेल, आणि तो बंद राहतोय ना हे अधूनमधून बघावंही लागेल.

कोणी मोठी फाइल चढवायला लागलं की बाकीच्यांचे कॉल रखडत असतील, तर वेग कमी नाही, रांग लांब झाली आहे. क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी सोडायचं हे ठरवणारी सोय) चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, रखडणं थांबतं.

नेट गेलं की सगळे डबे एकदम रीस्टार्ट करू नका, तुकडा शोधा. मुख्य युनिटला केबल लावून नेट येतं का? नाही, तर मोडेम किंवा कंपनी. येतं, तर मुख्य युनिटजवळ वायफायवर बघा. तिथेही येतं आणि फक्त नोडजवळ येत नसेल, तर मधली वाट तुटली आहे. कोणी सोफा, कपाट, फ्रिज हलवला का ते विचारा. हसू नका, माझ्याकडे एका रविवारच्या साफसफाईत नोड टीव्हीच्या मागे गेला होता आणि मी दोन तास सेटिंग खणत बसलो होतो. नोड मुख्य युनिटजवळ आणून चालला तर नोड चांगला आहे, जागा वाईट आहे. जवळ आणूनही चालला नाही तरच त्याचं रीसेट बटण दाबून धरा आणि तो नव्याने जोडा. मुख्य युनिटचं रीसेट सर्वांत शेवटी, कारण त्याबरोबर पीपीपीओईसकट सगळं पुसलं जातं. सेटिंगच्या पानांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

वीज जात असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. मोडेम, मुख्य युनिट आणि नोड, तिन्हींना बॅकअप हवा. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर बघून घ्या, सगळे डबे १२ व्होल्टचेच असतात असं नाही. बॅकअप एकच असेल तर तो मोडेम आणि मुख्य युनिटला द्या आणि वीज येईपर्यंत त्याच खोलीत बसा.

जुना संच कोणाला देऊन टाकणार असाल, तर आधी अ‍ॅपमधून एकेक युनिट खात्यातून काढा, मग प्रत्येकाचं फॅक्टरी रीसेट करा. नुसतं रीसेट केलं तर काही कंपन्यांचे डबे जुन्या खात्याशीच बांधलेले राहतात आणि नव्या माणसाला ते जोडताच येत नाहीत.